पंचनाम्यात नाव न येणाऱ्यास

जमिनीलगतच्या ओझोना,

पत्राची सुरुवात नमस्काराने करायची आपल्याकडे रीत आहे. तुला मी नमस्कार घालणार नाही.

आमच्याकडच्या शाळकरी मुलांना तुझं नाव चांगल्या अर्थाने माहीत आहे. विज्ञानाच्या पुस्तकात पृथ्वीभोवतीचं छत्र म्हणून ते येतं, 16 सप्टेंबरला त्या नावाने निबंधस्पर्धा होतात, भिंतीवर चित्रं लागतात. तो मान वीस-पंचवीस किलोमीटर उंचीवर राहून अतिनील किरण अडवणाऱ्या ओझोनचा आहे. रेणू एकच, ऑक्सिजनचे तेच तीन अणू. पण तो आमच्या डोक्यावर उंच आहे आणि तू आमच्या नाकाच्या, पानाच्या, शेंड्याच्या उंचीवर आहेस. त्याने मिळवलेल्या अब्रूवर तू आजवर जगलास. ‘ओझोन वाढला’ असं म्हटलं की ऐकणाऱ्याला बरं वाटतं, याचा जितका फायदा तुला झाला तितका दुसऱ्या कुठल्याही प्रदूषकाला झालेला नाही. धुराची काजळी भिंतीवर दिसते, गंधकाचा वास घशात झोंबतो. तू रंगहीन. भर दुपारी, निरभ्र दिसणाऱ्या आकाशाखाली तुझा जोर सर्वांत जास्त असतो, आणि त्याच दुपारी माणसं म्हणतात, आज हवा किती स्वच्छ आहे.

तुझ्यावरचा गुन्हा मी सरळ सांगते. तू झाड एका घावात मारत नाहीस. तू त्याला इतकं दुबळं करतोस की पुढचा कुणीही येऊन मारू शकतो. मग पंचनाम्यात त्या पुढच्याचं नाव लागतं: भुंगेरा, दुष्काळ, वणवा. तुझं नाव लागत नाही. आणि नाव लागत नाही म्हणून त्याच उजाड जागेवर, त्याच हवेत, पुन्हा रोपं लावली जातात.

तू पकडला का जात नाहीस तेही आता लपलेलं नाही. कुठल्याही गाडीच्या नळीतून किंवा कारखान्याच्या धुराड्यातून तू थेट बाहेर पडत नाहीस. नळीतून नायट्रोजनची ऑक्साइडं निघतात. पेट्रोलपंपावरून, रंगांतून, सॉल्व्हंटमधून, तेलशुद्धीकरण कारखान्यांतून हायड्रोकार्बनच्या वाफा उठतात. त्यांवर ऊन पडलं की तू तयार होतोस. या प्रक्रियेला काही तास लागतात, आणि तेवढ्या तासांत वारा सगळं मिश्रण शहराबाहेर नेतो. शहरात रात्री गाड्यांचाच ताजा नायट्रिक ऑक्साइड तुला खाऊन टाकतो. डोंगरावर तुला खाणारं फारसं काही नसतं, म्हणून तिथे तू रात्रीही टिकतोस. गाडी चालते शहरात आणि झाड सुकतं पन्नास किलोमीटरवरच्या डोंगरात. इतकं अंतर मध्ये पडलं की कुणाला कुणाशी जोडायचं हेच लोकांना कळत नाही.

लॉस एंजेलिसमध्ये तुझा माग काढला तो आरी हागेन-स्मिट या डच रसायनशास्त्रज्ञाने. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत तो अननसाच्या स्वादाच्या रसायनांवर काम करत होता. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने दाखवून दिलं, की शहराच्या डोळे चुरचुरवणाऱ्या धुक्यामागे गाड्यांचा धूर, तेल कारखान्यांच्या वाफा आणि सूर्यप्रकाश यांची रासायनिक क्रिया आहे. ताणलेल्या रबराला तू भेगा पाडतोस. रबराच्या पट्ट्यांवरच्या भेगांवरूनही तेव्हा तुझी मात्रा मोजली जायची. तेल उद्योगाच्या पैशावर चाललेल्या संशोधनाने त्याचं म्हणणं खोडायचा प्रयत्न केला. ते खोडता आलं नाही. 1958 मध्ये कॅलिफोर्नियातल्या द्राक्षवेलींच्या पानांवरचे बारीक ठिपके तुझेच असल्याचं सिद्ध झालं. तेव्हा ‘मी गॅस आहे, मला पानांतलं काय कळतं’ असं म्हणायची सोय तुला त्याच वर्षी उरली नाही.

पण जंगलातला तुझा पहिला मोठा गुन्हा त्याआधीच सुरू झाला होता. लॉस एंजेलिसच्या पूर्वेला सॅन बर्नार्डिनो पर्वत आहे. शहराकडून येणारा वारा दुपारी याच डोंगरावर चढतो. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथल्या पाँडेरोसा पाइनच्या सुया पिवळ्या ठिपक्यांनी भरू लागल्या आणि अवेळी झडू लागल्या. कीड म्हणावी तर कीड सापडेना, बुरशी म्हणावी तर तीही सापडेना. तिथल्या लोकांनी या रोगाला ‘एक्स डिसीज’ म्हटलं. दहा वर्षं तू त्या नावाआड सुखाने राहिलास. मग पॉल मिलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाइनला मोजून-मापून ओझोन दिला, तीच लक्षणं उमटवून दाखवली आणि 1963 मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्या दिवसापासून तू अज्ञात आरोपी नाहीस.

पाइनवर तू काय करतोस ते मी इथे सविस्तर लिहिते. ज्यांनी तुला आजवर फक्त आकाशातला भला माणूस म्हणून ओळखलं आहे त्यांनी ते एकदा पुरतं वाचावं.

निरोगी पाँडेरोसा एका वेळी तीन-चार वर्षांच्या सुया अंगावर बाळगतो. जुन्या सुयाही काम करत असतात, त्याच झाडाची शिल्लक असतात. सुई असो की पान, श्वास घ्यायला त्याला पर्णरंध्रं उघडावी लागतात आणि तू त्याच दारातून आत जातोस. आत पोचलास की पेशींच्या पटलांवर हल्ला करतोस. झाड तुझ्याशी लढायला, बिघडलेलं दुरुस्त करायला साखर खर्च करतं. त्याच वेळी साखर तयार करणारी यंत्रणाच तू मोडत असतोस. जमा कमी आणि खर्च जास्त झाला की झाड आधी मुळांचा वाटा कापतं. नवी बारीक मुळं कमी फुटतात, मुळांशी जोडीने राहणाऱ्या कवकांना साखर कमी मिळते. वरून बघणाऱ्याला अजून काहीच कळलेलं नसतं. सुया दिसायला हिरव्या असतात, आणि जमिनीखालचा आधार मात्र गेलेला असतो. त्यात तुझ्या माऱ्याने रंध्रं सुस्त होतात. पाणी टंचाईचं असताना जी चटकन मिटायला हवीत ती उघडी राहतात, आणि मुळं कमी झालेलं झाड वरून जास्त पाणी गमावतं.

यानंतर भुंगेरा येतो. सालीखाली शिरणाऱ्या भुंगेऱ्याला निरोगी पाइन डिंकासारख्या राळेच्या दाबाने बाहेर ढकलतो. तू पोखरलेल्या झाडात तो दाबच राहत नाही. सॅन बर्नार्डिनोत 1960 च्या दशकात संशोधकांनी हे पाहिलं, की भुंगेरे जास्त करून धुक्याने आजारलेली झाडंच गाठतात. मेलेल्या झाडाची साल सोलली की खाली भुंगेऱ्यांची नक्षी दिसते, ती बघून कुणीही म्हणेल, हा घ्या खुनी. भुंगेरा निर्दोष नाही, पण त्याला दार उघडून देणारा तू होतास.

पाँडेरोसा आणि जेफ्री पाइन हटले तिथे तुला जास्त सोसू शकणारे व्हाइट फर आणि इन्सेन्स सीडार दाटीने वाढले. वणवे विझवण्याच्या धोरणाने त्या दाटीला हातभार लावला. 1999 नंतर दुष्काळाची ओळीने वर्षं आली, भुंगेऱ्यांनी झाडं झोपवली आणि ऑक्टोबर 2003 मध्ये त्या डोंगरात ‘ओल्ड फायर’ पेटली. शेकडो घरं गेली. आग लावणारा माणूस सापडला, त्याच्यावर खटला चालला, 2012 मध्ये तो दोषी ठरला. तसंच व्हायला हवं होतं. पण वनशास्त्रज्ञ नॅन्सी ग्रुल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेही मांडलं आहे, की ओझोन आणि हवेतून पडणारा नायट्रोजन यांच्या अनेक दशकांच्या माऱ्याने ते जंगल दुष्काळाला, भुंगेऱ्याला आणि आगीला आधीच तयार करून ठेवलं होतं. न्यायालयात उभं राहायला तुला शरीर नाही, हा तुझा एकमेव बचाव आहे आणि तो पुरेसा ठरला.

आता मेक्सिकोकडे ये. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे 2240 मीटरवर, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात आहे. विरळ हवा, प्रखर ऊन, लाखो गाड्या आणि बाहेर पडायला वाट नसलेला धूर. तुला याहून सोयीची जागा कुणी बांधून दिली नसती. तिथला वारा पुष्कळदा ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे वाहतो आणि नैर्ऋत्येच्या डोंगरावर देसियेर्तो दे लोस लेओनेस हे जंगल आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कार्मेलाइट साधूंनी तिथे एकांतासाठी मठ बांधला. शहराला पाणी पुरवणारे झरे वाचावेत म्हणून 1876 मध्ये हे जंगल राखीव केलं गेलं आणि 1917 मध्ये ते मेक्सिकोचं पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरलं. तिथला राजा वृक्ष ओयामेल. स्थानिक लोक त्याच्या फांद्यांनी सणासुदीला देऊळ सजवतात, शास्त्रीय नावातही त्याला ‘रेलिजिओसा’ म्हटलं आहे. मोनार्क फुलपाखरं मिचोआकानच्या डोंगरांत ज्या झाडांवर हिवाळा काढतात ती झाडं हीच.

कायद्याचं कुंपण तुला अडवत नाही हे त्या उद्यानाने जगाला दाखवलं. शहराशेजारच्या अहुस्को डोंगरातल्या पाइनांना शहराची हवा इजा करते आहे, हे लूर्देस दे बाउएर आणि सागर कृपा यांनी 1976 मध्येच लिहून ठेवलं होतं. 1980 च्या दशकात देसियेर्तोतले ओयामेल मोठ्या संख्येने उभ्याउभ्या वाळले. सुयांची वरची, उन्हाकडची बाजू आधी तांबूस तपकिरी पडायची, आतल्या जुन्या सुया झडायच्या, शेंडा विरळ व्हायचा आणि मग सालीखालचे भुंगेरे यायचे. वाळलेली झाडं कीड पसरू नये म्हणून तोडून नेली गेली. पुन्हा तोच पंचनामा: भुंगेरा. आणि तोडलेल्या जागी वर्षानुवर्षं तिथल्या गावांतल्या लोकांनी रोपं लावली, त्यांचं तण काढलं, गुरं हाकलली, वणवे विझवले. त्या माणसांच्या कष्टांविषयी मला अतोनात आदर आहे. म्हणूनच तुझा राग येतो. माणूस हाताने लावू शकतो ते सगळं त्यांनी लावलं. त्या रोपांनी कुठली हवा श्वासात घ्यायची, हे मात्र त्यांच्या हाती नव्हतं. ते शहराच्या हाती होतं.

एकट्याने तू एवढं करू शकला नसतास, हेही नोंदवायला हवं. तुझा साथीदार म्हणजे तापत चाललेलं हवामान. उष्णता वाढली की तुला तयार करणाऱ्या क्रिया वेगाने होतात. स्थिर, उष्ण हवेत तू दिवसेंदिवस साचून राहतोस. जंगलं पेटली की त्यांच्या धुरातून तुझा कच्चा माल निघतो. तू स्वतःही उष्णता अडवणारा वायू आहेस. झाड दुबळं करून त्याचं कार्बन शोषणं कमी करतोस आणि त्यामुळे होणाऱ्या तापमानवाढीतून पुन्हा तुझीच पैदास वाढते. दुष्काळाबद्दल मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: कडक दुष्काळात झाड रंध्रं मिटून घेतं तेव्हा तुझी आत शिरण्याची वाटही मिटते. तितक्यापुरतं ते तुझ्यापासून वाचतं. पण वाचतं ते उपाशी राहून. तुझ्यासाठी दार उघडावं की भुकेने मरावं, एवढेच दोन पर्याय तू आणि तुझ्या साथीदाराने त्याच्यापुढे ठेवले आहेत.

मेक्सिकोचे संशोधक कुआउतेमोक साएन्स-रोमेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये हिशेब मांडला, की मोनार्क अभयारण्यात ओयामेलला मानवेल असं हवामान 2090 पर्यंत जवळजवळ संपेल. त्यांच्या अंदाजात ते क्षेत्र 96.5 टक्क्यांनी घटतं. म्हणून ते नेवादो दे तोलुका या ज्वालामुखीच्या उतारावर, 3400 ते 4000 मीटर उंचीवर ओयामेलची रोपं लावून बघत आहेत, झुडपांच्या सावलीत, म्हणजे थंडी आणि ऊन दोन्ही बेताने लागेल. झाडाला चालता येत नाही म्हणून माणसं त्याला डोंगर चढवून देत आहेत. विचार कर, ही किती हताश आणि किती थोर गोष्ट आहे.

आणि आता माझ्या तक्रारीचा गाभा: पुनर्वनीकरण.

झाडं लावणं हा आजच्या जगाचा सर्वांत लाडका उपाय आहे. उद्योग वर्षाचा अहवाल काढताना झाडांची संख्या छापतात, सरकारं कोटींचे आकडे जाहीर करतात. आमच्या महाराष्ट्रातही 2019 च्या पावसाळ्यात 33 कोटी रोपांचं उद्दिष्ट होतं. त्या मोहिमांमध्ये खड्डे मोजले जातात, रोपं मोजली जातात, फार झालं तर तीन वर्षांनी जगलेल्यांची टक्केवारी काढली जाते. जमीन कशी, पाऊस किती, गुरांचा त्रास किती, हे वनरक्षकाला विचारतात. त्या जागेवर उन्हाळ्याच्या दुपारी ओझोन किती असतो, हे त्याला कुणी विचारत नाही. त्या जागेवरची रोपं मेली तर वनरक्षकाचा निष्काळजीपणा, न आलेला पाऊस, वाळवी, शेळ्या अशी कारणं लिहायला जागा असते. तुझ्यासाठी रकाना नसतो.

न्यूयॉर्कमध्ये केलेल्या एका प्रयोगाने मला हादरवून सोडलं. जिलियन ग्रेग आणि सहकाऱ्यांनी कॉटनवुडची, म्हणजे एका जातीच्या पॉपलरची, एकाच वाणाची रोपं शहरात लावली आणि शहराबाहेरच्या हिरव्या गावांतही लावली. शहरातली रोपं गावातल्यांच्या दुपटीने वाढली. माती, पाणी, तापमान, सगळं तपासून झाल्यावर कारण उरलं ते तू: शहराच्या मध्यापेक्षा वाऱ्याखालच्या गावांत तू जास्त होतास. 2003 मध्ये हे ‘नेचर’मध्ये छापून आलं. शुद्ध हवा हवी तर गावाकडे जा, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगणाऱ्यांनी हे वाचावं. जंगल पुन्हा उभं करण्यासाठी माणसं शहराबाहेरची मोकळी जागाच निवडतात. तीच जागा तू निवडलेली असते.

रोपवाटिकेतलं लाडाचं रोप तुला विशेष आवडतं. भरपूर पाणी मिळालेलं, झपाट्याने वाढणारं, रंध्रं सताड उघडी ठेवणारं रोप तुला जास्त प्रमाणात आत घेतं. म्हणजे नवी लागवड जगावी म्हणून माणूस जी काळजी घेतो, त्याच काळजीतून तू वाट काढतोस. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ऱ्हाइनलँडरजवळ 1998 पासून दहा वर्षांहून जास्त काळ उघड्या रानात ॲस्पेन आणि बर्च झाडांना वाढीव कार्बन डायऑक्साइड आणि वाढीव ओझोन देऊन बघितलं गेलं. ‘हवेत कार्बन वाढला तर झाडं जोमाने वाढतील, चिंता नको’ म्हणणाऱ्यांचा तिथे निकाल लागला. कार्बनमुळे मिळालेली वाढ तू मोठ्या प्रमाणात काढून घेतलीस.

2024 मध्ये ‘नेचर जिओसायन्स’मध्ये अलेक्झांडर चीझमन, फ्लॉसी ब्राउन आणि सहकाऱ्यांचं संशोधन आलं. ऑस्ट्रेलियातल्या केर्न्समध्ये त्यांनी उष्णकटिबंधातल्या झाडांना ओझोन देऊन त्यांची सोसण्याची ताकद मोजली आणि ती संगणकातल्या जागतिक प्रतिमानात घातली. त्यांच्या हिशेबाने तुझ्यामुळे उष्णकटिबंधातल्या जंगलांची वार्षिक वाढ सरासरी 5.1 टक्क्यांनी कमी होते. आशियात हा आकडा 10.9 टक्के आहे. या शतकाच्या सुरुवातीपासून या जंगलांनी जो कार्बन शोषला असता त्यातला सुमारे 17 टक्के तुझ्यामुळे हवेतच राहिला. आणि ज्या भागांत पुनर्वनीकरण चालू आहे किंवा होणार आहे, तेच भाग तुझ्या तडाख्यात जास्त सापडतात, असंही त्यांनी नोंदवलं. कार्बनची पतपत्रं विकणाऱ्यांनी एका रोपामागे किती कार्बन मोजला आणि त्यात तुझी वजावट केली का, हा प्रश्न मी जाहीरपणे विचारते आहे.

तुझी बाजू घेणारे एक जुनं वाक्य अजून वापरतात: झाडंच प्रदूषण करतात. अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी असं म्हटलं होतं. त्यातली खरी गोष्ट एवढीच, की ओक, पॉपलर, निलगिरी यांसारखी झाडं उन्हात आयसोप्रीन नावाचा वायू सोडतात आणि तुझ्या रेसिपीत तो हायड्रोकार्बनच्या जागी चालतो. पण ती झाडं लाखो वर्षं तो सोडत आली आहेत. गाड्यांची आणि वीज केंद्रांची नायट्रोजन ऑक्साइडं हवेत नसतील तर त्या आयसोप्रीनपासून तू जमा होत नाहीस. ज्याचा जीव घेतोस त्याच्यावरच आळ घेणारे वकील तुला मिळाले. शहराजवळ लागवड करताना मात्र आयसोप्रीन कमी सोडणाऱ्या जाती निवडाव्यात, एवढी साधी खबरदारी आमच्याही महापालिकांनी घ्यावी.

आता घरचं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले सचिन घुडे आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये काढलेल्या हिशेबानुसार 2005 या एका वर्षात तू भारतातला सुमारे 35 लाख टन गहू आणि 21 लाख टन तांदूळ खाल्लास. बनारस हिंदू विद्यापीठात मधूलिका अग्रवाल यांनी गहू आणि मुगावर तुझे परिणाम वर्षानुवर्षं मोजले. शेताचा हिशेब निदान मांडला गेला. सह्याद्रीतल्या जंगलाचा कोण मांडणार? तुला मोजणारी यंत्रं बहुतेक शहरांत आहेत आणि तू शहराबाहेर जास्त. देशाच्या 2009 च्या हवा मानकांत तुझी मर्यादा आहे, आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे 100 मायक्रोग्रॅम. ती माणसाच्या फुप्फुसाचा विचार करून ठरवली आहे. युरोपात पिकांना आणि जंगलांना पोचणाऱ्या ओझोनची वेगळी मर्यादा मोजतात. आमच्याकडे पानासाठी मर्यादा नाही. 2019 मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम धूलिकणांचं लक्ष्य ठेवतो. तुझं नाव त्या लक्ष्यातही नाही.

पुण्यात तू पावसाळ्यात कमी आणि उन्हाळ्यात जास्त असतोस. सागवान उन्हाळ्यात बहुतेक निष्पर्ण असतो, त्याला तेवढा आडोसा मिळतो. पण चैत्रपालवीचं काय? पिंपळ, करंज, कुसुंब यांची कोवळी पानं मार्च-एप्रिलमध्ये फुटतात. महाबळेश्वरच्या सदाहरित रानातली जांभळं आणि अंजनी उन्हाळाभर पानं घेऊन उभी असतात. त्या कोवळ्या पानांवर तू काय करतोस, कुठल्या गावच्या बियाण्याची रोपं तुला जास्त सोसतात, हे आमच्या रोपवाटिकांनी तपासायला हवं. देसियेर्तोत तेच चालू आहे. शेजारीशेजारी, एकाच वेळी लावलेल्या ओयामेलांत काही तपकिरी पडले आणि काही हिरवे राहिले. त्या हिरव्यांत काय वेगळं आहे ते संशोधक शोधत आहेत आणि त्यांचं बी हा पुढच्या लागवडीचा आधार होऊ शकतो. सॅन बर्नार्डिनोतही 1970 च्या दशकात अँडी लिपकिस हा तरुण उन्हाळी शिबिरातल्या मुलांना घेऊन धुक्याला सोसणाऱ्या जातींची रोपं लावायला निघाला; त्यातून 1973 मध्ये ‘ट्रीपीपल’ ही संस्था उभी राहिली. ही कामं व्हायलाच हवीत. पण सोसणारं झाड शोधणं म्हणजे तुला माफी नव्हे, एवढं लक्षात ठेव.

कारण तुला हटवता येतं आणि हे करून दाखवलं गेलं आहे. अमेरिकेत 1975 च्या मॉडेलपासून गाड्यांना उत्प्रेरक नळ्या लागल्या, पंपावरच्या वाफा अडवल्या गेल्या, आणि गाड्यांची संख्या वाढत असतानाही लॉस एंजेलिसमधली तुझी शिखरं निम्म्याहून खाली आली. सॅन बर्नार्डिनोतल्या काही पाइनांनी सुया जास्त वर्षं धरायला सुरुवात केली. अर्धवट उपाय तू परतवतोस हेही खरं: 2020 च्या टाळेबंदीत गाड्या थांबल्या, नायट्रोजन ऑक्साइडं घटली, आणि तुला खाणारा नायट्रिक ऑक्साइड नसल्यामुळे काही शहरांत तू उलट वाढलास. म्हणजे नायट्रोजनबरोबर वाफाही कापायच्या आणि मिथेनही. जगभर तुझा पाया वर उचलणारा वायू मिथेन आहे, आणि तो हवेत सुमारे बारा वर्षंच राहतो. मुंबईतल्या देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरातून निघणारा मिथेन थांबवला तर त्याचा फायदा आमच्याच हयातीत दिसेल. तू स्वतः तर हवेत सरासरी तीन-चार आठवडेच टिकतोस. तुझ्यात स्वतःचं बळ काही नाही. रोज सकाळी आम्ही तुला नव्याने घडवतो.

म्हणून वनखात्याकडे माझी मागणी आहे, की घाटमाथ्यावरच्या प्रत्येक मोठ्या रोपवनाजवळ ओझोन मोजावा आणि रोपं मेल्याच्या नोंदीत त्यासाठी रकाना असावा. प्रदूषण नियंत्रण मंडळाने पिकांसाठी आणि झाडांसाठी वेगळी मर्यादा सुचवावी. सोलापूर रस्त्यावर, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर धूर ओकत चढणाऱ्या ट्रकांची तपासणी कागदावर नको, नळीपाशी व्हावी. रोपांचा आकडा जाहीर करणाऱ्या प्रत्येक मंत्र्याने त्याच सभेत त्या जिल्ह्यातल्या हवेचा आकडाही जाहीर करावा.

तुझ्याकडून मला उत्तर नको आहे. पुढचा पत्रव्यवहार तुला पोसणाऱ्यांशी करणार आहे, आणि त्यांचे पत्ते माझ्याकडे आहेत.

कळावे,
सह्याद्रीच्या पायथ्याची एक रहिवासी